चाहता की गिऱ्हाईक?

मी मुंबईचा. म्हणजे राहतो शहापूरला, मास्तरकी सगळी झाली मुरबाड तालुक्यात, आणि मुंबईत राहिलो असेन तर चार दिवसांचा पाहुणा म्हणूनच. पण रणजी करंडकाचा विषय निघाला की मी मुंबईचा. गेली पन्नासहून अधिक वर्षं! आमच्या नातेवाइकांना आणि इथे नेहमी डोकावणाऱ्या मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे, आणि त्यावरून माझी यथेच्छ थट्टाही होते. थट्टेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती अलीकडे वारंवार कानावर येणाऱ्या एका वाक्याला. "आम्ही पैसे मोजतो, वेळ देतो, मग संघ हरला तर शिव्या घालायचा आम्हाला हक्क नाही का?"

नाही. अजिबात नाही. का नाही, ते आज जरा सविस्तर लिहितो.

हा हक्क गिऱ्हाइकाचा आहे. वाण्याकडून आणलेल्या तांदळात खडे निघाले तर आपण पिशवी परत नेतो, चार शब्द सुनावतो, पुढच्या महिन्यापासून दुसरं दुकान धरतो. त्यात गैर काही नाही, कारण तिथे सौदा झालेला असतो. पैसे घ्या, चांगला तांदूळ द्या. चाहत्याचा असा कुठला सौदा झालेला असतो? 'आम्ही जिंकून दाखवू' अशी पावती कुठल्या संघाने कुणाला लिहून दिली आहे? तिकिटाच्या पैशात खेळ बघायला मिळतो. निकाल त्यात धरलेला नसतो. तो धरलेला असता तर बघण्यासारखं उरलंच काय असतं?

एकाच मैदानावरच्या, एकाच वर्षातल्या तीन गोष्टी सांगतो. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीची अंतिम लढत झाली, मुंबई विरुद्ध विदर्भ. मुंबईचा पहिला डाव २२४ धावांत आटोपला, त्यात शार्दूल ठाकूरच्या ७५. दुसऱ्या डावात मुशीर खानने १३६ काढल्या. विदर्भापुढे ५३८ चं अशक्य लक्ष्य होतं, तरी ती मंडळी चिवटपणे ३६८ पर्यंत गेली. कर्णधार अक्षय वाडकरने शतक ठोकलं. मुंबईने ४२ व्यांदा करंडक जिंकला. धवल कुलकर्णीचा तो शेवटचा सामना. रणजीला सहसा तिकीट नसतंच, म्हणजे फुकटात पाच दिवसांची मेजवानी!

त्यानंतर तीन आठवडेही झाले नाहीत, १ एप्रिलला त्याच वानखेडेवर आयपीएलचा सामना होता. मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केलं होतं. निर्णय संघाच्या मालकांचा, पण हुर्यो उडवली ती हार्दिकची, आणि ती स्वतःच्याच संघाच्या प्रेक्षकांनी. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना 'नीट वागा' म्हणून सांगावं लागलं. वर्गात मला हे रोज सांगावं लागे, पण ती मुलं दहा वर्षांची होती.

मग २९ जूनला ब्रिजटाऊनला वीस षटकांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि चेंडू हार्दिकच्या हातात होता. भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला संघ वानखेडेवर आला तेव्हा तिथे 'हार्दिक, हार्दिक' असा गजर चालला होता. तीन महिन्यांत तोच माणूस खलनायकाचा नायक झाला. याला प्रेम म्हणायचं? हा तर बाजारभाव झाला. सकाळी पडला, संध्याकाळी चढला.

आता कुणी म्हणेल, हे सगळं आयपीएलने बिघडवलं, आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी याहून वाईट होतं! १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजला आणि मग ओव्हलवर इंग्लंडला हरवलं. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले तो सामना. मुंबईत मिरवणूक निघाली, वाडेकर देवाच्या रांगेत जाऊन बसले. १९७४ मध्ये त्याच इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत संपला, मालिका ०-३ अशी गेली, आणि त्याच वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरला १९७१ च्या विजयाची खूण म्हणून उभारलेली काँक्रीटची बॅटसुद्धा लोकांनी विद्रूप केली. पुढे मार्च २००७ मध्ये विश्वचषकात बांगलादेशाकडून हरल्यावर रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची नासधूस झाली, आणि सप्टेंबरमध्ये तोच धोनी करंडक घेऊन आला तेव्हा मुंबईचे रस्ते तुंबले. दगड मारणारे आणि फुलं उधळणारे वेगवेगळे असतील अशी स्वतःची समजूत घालता येते. मला ती पटत नाही.

मग चाहत्याने करायचं काय? सोसायचं. दुसरं काय! मुंबईचा चाहता म्हटलं की लोकांना वाटतं, याची सदा दिवाळी. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग १५ वेळा करंडक आमच्याकडे होता हे खरं. पण मला नीट कळायला लागलं आणि ती ओळ तुटली. १९७४ च्या उपांत्य फेरीत बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध वाडेकर जम बसलेले असताना धाव घेता घेता पाय घसरून पडले आणि धावबाद झाले. पहिल्या डावाच्या आघाडीवर कर्नाटकाने बाजी मारली आणि पुढे करंडकही नेला. एवढं मोठं साम्राज्य, आणि एक बूट घसरला!

१९९१ चं तर अजून विसरता येत नाही. वानखेडेवर अंतिम सामना, समोर कपिलदेवची हरयाणा. शेवटच्या दिवशी ३५५ धावा हव्या होत्या. सचिनने ९६ काढल्या. दिलीप वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले आणि शेवटचा गडी अ‍ॅबी कुरुविला धावबाद झाला. २ धावांनी हरलो आम्ही! वेंगसरकर मैदानातच रडले. आमच्या घरात त्या रात्री कुणी फारसं बोललं नाही.

पण २००६-०७ घ्या. पहिले तिन्ही सामने मुंबई हरली. लोकांनी संघावर पाणी सोडलं. उपांत्य फेरीत बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात धावफलक होता शून्यावर ५ बाद. खात्यात एक धाव नाही आणि अर्धा संघ तंबूत! तो सामनाही मुंबईने काढला आणि करंडकही जिंकला. अमोल मुजुमदार कर्णधार होता. ज्यांनी तिसऱ्या पराभवानंतर पाठ फिरवली त्यांना बातमी कळली असेल, पण आनंद कळला असेल असं वाटत नाही. तो आनंद विकत मिळत नाही, आधीचे तीन पराभव सोसावे लागतात.

आणखी एक गंमत बघा. कर्नाटकाने पहिलं रणजी विजेतेपद मिळवलं ते वाटेत मुंबईला हरवून. हरयाणाने पहिलं जिंकलं ते अंतिम फेरीत मुंबईला हरवून. २०१७ मध्ये गुजरातनेही तसंच, २०२२ मध्ये मध्य प्रदेशानेही तसंच. त्या मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे मुंबईतच घडलेला माणूस! आपल्याला हरवणं हा दुसऱ्याच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस ठरावा, हा केवढा मान आहे. गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. त्याला फक्त खडे दिसतात.

आमच्या घरातले व्यवहारी लोक विचारतात, "त्यांना कोटी मिळतात, तुम्हाला काय मिळतं?" आपल्यातली बरीच मंडळी अमेरिकेत आहेत, त्यांना हे तिथल्या बेसबॉलवरून चटकन कळेल. शिकागोच्या कब्ज संघाने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळवलं. १०८ वर्षं! मधल्या काळात कितीतरी लोक वाट बघत जन्मले आणि वाट बघतच गेले. २०१६ मध्ये लोकांनी मैदानाच्या विटांच्या भिंतीवर खडूने आपल्या गेलेल्या आईवडिलांची, आजोबांची नावं लिहिली. त्या आजोबांना काय मिळालं, हे व्यवहारी माणसाला सांगता येणार नाही.

दुसरा टोमणा खास आमच्या भागातला. "मास्तर, मुंबई आपलं पाणी पिते आणि तुम्ही तिच्याच नावाने टाळ्या पिटता?" बाब खरी आहे. तानसा आणि भातसा दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय, आणि आज मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. आणि आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे आला की टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. याची मला चीड आहे. पण तो हिशेब सरकारशी आहे, अजिंक्य रहाणेशी नव्हे. शिवाय संघ काही फक्त दादर-माटुंग्याचा नाही. २०२४ च्या उपांत्य फेरीत तामिळनाडूविरुद्ध मुंबई ७ बाद १०६ असताना १०९ धावा काढून वाचवणारा शार्दूल पालघरचा. २०१४ पर्यंत पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. किटची अवजड बॅग खांद्यावर घेऊन लोकलच्या गर्दीत घुसणं काय असतं, हे आसनगावच्या पोराला सांगायला नको.

आणि इथेच माझा खरा राग आहे. जिथे आपला हक्काचा सौदा आहे, म्हणजे आपण कर भरतो, मत देतो, तिथे आपण गप्प. नळाला पाणी नाही, एसटी वेळेवर नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, कुणी हुर्यो उडवत नाही. आणि जिथे कसलाही सौदा नाही, तिथे एका बावीस-पंचवीस वर्षांच्या पोराचा झेल सुटला म्हणून त्याच्या आईबहिणीचा उद्धार. गिऱ्हाइकासारखं वागायचंच असेल तर ग्रामसभेत वागा ना!

आपल्याला गिऱ्हाईक बनवण्यात कुणाचा तरी फायदाही आहे, हे विसरू नका. गिऱ्हाईक खेळावर प्रेम करत नाही, तो माणूस विकत घेतो. ३१ जानेवारी २०२५ ला दिल्लीत रणजीच्या सामन्याला हजारो लोक लोटले होते, ते विराट कोहलीसाठी. तो ६ धावांवर त्रिफळाचित झाला आणि मैदान रिकामं व्हायला लागलं. त्याला बाद करणाऱ्या रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्या दिवशी काय सुरेख चेंडू टाकला होता! तो बघायला थांबलं कोण? त्याच वर्षी ३ जूनला बंगळूरच्या संघाने अठरा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आयपीएल जिंकली. ती अठरा वर्षं ज्यांनी सोसली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ जीव गेले. विजय विकायची एवढी घाई, की ज्यांनी वाट बघितली त्यांना नीट उभं राहायला जागासुद्धा नाही.

टीका करू नये असं मी म्हणत नाही. निवड चुकली तर म्हणा चुकली, फटका आडमुठा होता तर म्हणा आडमुठा. मुंबईचा चाहता तर मुळात खडूस, तो शतकवीरालाही 'तो झेल सुटला होता' हे ऐकवतो. पण ते घरच्या माणसाने ऐकवणं असतं. त्यानंतर पानावर वाढायचंही असतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपुरात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवलं आणि पुढे करंडकही जिंकला. मला वाईट वाटलं, आणि विदर्भाचं कौतुकही वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं. ज्यांना हे जमत नाही त्यांनी एकदा सकाळची आसनगाव लोकल धरावी, मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावं, आणि रणजीचा एक अख्खा दिवस डबा घेऊन बघावा. जाहिरात नाही, नाच नाही, कुणी 'ओरडा' म्हणून सांगत नाही. तेही लांब पडत असेल तर भात कापून झाल्यावर आपल्याच शिवारात टेनिस चेंडूचे सामने होतात, तिथे जावं. आपल्या गावाचा संघ पहिल्याच फेरीत गारद झाला तरी संध्याकाळपर्यंत बसून राहावं आणि पोरांना 'छान खेळलात रे' म्हणून मगच घरी यावं.