त्या पोटदुखीला नाटक म्हणू नका

पालकांनो, शिक्षकांनो, ‘पोट दुखतंय’ असं मूल पुन्हापुन्हा सांगत असेल, तर त्याला खोटं पाडणं आजच थांबवा.

दप्तर भरताना बेंबीभोवती कळ येते, सोनोग्राफी नॉर्मल निघते, आणि घरात निकाल लागतो: शाळा बुडवायची नाटकं! अशा बहुतेक मुलांच्या आतड्यात खरोखरच जखम किंवा सूज सापडत नाही. पण त्यांचं आतडं आणि मेंदू यांच्यातले मज्जातंतू इतके हळवे झालेले असतात की साधा गॅससुद्धा दुखतो. ती वेदना खरीच असते.

बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅप्ली यांनी १९५०च्या दशकात ब्रिस्टलमधली हजार शाळकरी मुलं पाहिली. दहातल्या एकाला असं दुखणं होतं. ‘मोठा झाला की जाईल’ यावर विसंबू नका. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी मुलं विशीच्या आसपास आल्यावर पुन्हा तपासली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५१ टक्के जणांना कधी ना कधी चिंताविकार आणि ४० टक्क्यांना नैराश्य आलेलं होतं. लहानपणी हे दुखणं नसलेल्यांत हेच आकडे २० आणि १६ होते. बहुतेकांची चिंता पोटाची तपासणी होण्याआधीच सुरू झाली होती, नैराश्य नंतर आलं. मला हे फार अस्वस्थ करतं, कारण मधली वर्षं मुलाला सावरायची होती.

आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन घटणं, वाढ खुंटणं, शौचातून रक्त, हिरवी उलटी, ताप, झोपेतून उठवणारी कळ, उजवीकडे खाली दुखणं: यातलं काही असेल तर एक दिवसही थांबू नका. ‘वाटी सरकली’ म्हणून पोट चोळत बसू नका. ते दुखणं अपेंडिक्सचं असू शकतं.

गंभीर आजार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, की मनाची चौकशी सुरू करा. वर्गात कोण चिडवतं? कोणाची भीती वाटते? कोणी नको तसा स्पर्श करतं का? उत्तर शांतपणे ऐकून घ्या. मात्र तासातासाला ‘आता दुखतंय का?’ विचारू नका. २००६च्या एका प्रयोगात आईवडिलांनी दुखण्याकडेच लक्ष दिलं तेव्हा मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, दुसरीकडे मन वळवलं तेव्हा निम्म्यावर आल्या. जवळ घ्या, गोष्ट सांगा, शाळेत पाठवा. दुखणं टिकलं तर समुपदेशकांकडे न्या. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारांनी अनेक मुलांचं दुखणं कमी होतं.

मुख्याध्यापकांनो, शाळेतली शौचालयं स्वच्छ ठेवा. घाणीमुळे मुलं दिवसभर शौच रोखून धरतात, मग बद्धकोष्ठ होतं आणि पोट दुखतं. दुखणाऱ्या मुलाला लगेच घरी धाडू नका, थोडा वेळ पडू द्या आणि पुन्हा वर्गात घ्या.

मुलाच्या मनाविषयी काळजी वाटत असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला. कोणी त्याला छळत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर आजच फोन करा.