गव्हर्नरच्या दोन लेकी

इतिहासाच्या पुस्तकात अधिकारी माणूस भेटतो तो बहुधा हुद्द्यांच्या यादीतून. अमुक साली नेमणूक, अमुक साली बढती, अमुक साली निधन! त्याच्या घरात डोकावणे आपण अप्रस्तुत मानतो. मला मात्र वाटते की, सत्ताधाऱ्याची खरी परीक्षा त्याच्या घरातच होते. आणि म्हणून कुटुंब वगळून लिहिलेले चरित्र हे अर्धेच चरित्र होय. मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतील इंग्रज वसाहतीचा आरंभीचा गव्हर्नर थॉमस डडली याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

डडली १५७६ साली इंग्लंडात जन्मला. लिंकनच्या अर्लच्या जहागिरीचा तो कारभारी होता. १६३० साली प्युरिटन पंथाच्या मंडळींबरोबर ‘आर्बेला’ जहाजातून तो सहकुटुंब अमेरिकेस गेला. डिसेंबरपर्यंत सुमारे दोनशे माणसे दगावली. त्या थंडीत घरात मेज नव्हते, म्हणून शेकोटीपाशी बसून गुडघ्यावर कागद ठेवून त्याने लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. पुढे तो चार वेळा गव्हर्नर झाला. १६५० साली हार्वर्ड कॉलेजच्या सनदेवर सही झाली ती त्याचीच. माणूस कर्तबगार खरा, परंतु कडक! गव्हर्नर विंथ्रॉप गुन्हेगारांशी सौम्यपणे वागतो, अशी त्याची तक्रार असे.

१६३७ साली अ‍ॅन हचिन्सन या बाईवर खटला झाला. ती घरी सभा भरवून धर्मावर प्रवचन करी आणि पाद्र्यांवर टीका करी. डडली त्या वेळी डेप्युटी गव्हर्नर होता आणि त्याने तिची कसून उलटतपासणी केली. बाईला हद्दपारीची शिक्षा झाली.

आता त्याच्या घरात पाहू. त्याची लेक अ‍ॅन १६१२ सालची. बापाने तिला शिकवले, वाचनाची गोडी लावली. सायमन ब्रॅडस्ट्रीटशी तिचा विवाह झाला, आठ मुले झाली, आणि या साऱ्या रगाड्यात ती कविता लिहीत राहिली. बाईच्या हातात लेखणीपेक्षा सुई शोभते, असे म्हणणाऱ्यांचा तिने कवितेतच समाचार घेतला. वडिलांना उद्देशूनही तिने कविता लिहिली. डडलीला स्वतःलाही पद्यरचनेची हौस होती. १६५० साली तिच्या बहिणीच्या यजमानांनी, जॉन वुडब्रिज यांनी, तिला न विचारता तिचा संग्रह लंडनमध्ये छापविला. प्रस्तावनेत त्यांनी आवर्जून ग्वाही दिली की, या कविता झोपेचा वेळ कापून लिहिलेल्या आहेत, घरकामात हयगय झालेली नाही!

याच बापाची दुसरी लेक सारा. तिनेही लोकांपुढे धर्मोपदेश सुरू केला. नवऱ्याने इंग्लंडहून खुद्द सासऱ्याला पत्र धाडून तिला टाकले. १६४७ साली बॉस्टनच्या चर्चने तिला बहिष्कृत केले. उपदेशाच्या आरोपाला दुर्वर्तनाचा ठपकाही जोडला गेला.

एका घरात वाढलेल्या दोन बहिणींची अशी ताटातूट का व्हावी? मला दिसते ते असे : एकीने घरात बसून लिहिले, दुसरी चारचौघांत बोलली. स्त्रीला बुद्धी असावी, किंबहुना ती घराण्याला भूषणावह ठरावी; परंतु तिने उंबरठा ओलांडू नये, असा हा अलिखित कायदा होता.

कोणी म्हणेल, ‘तो काळच तसा होता, आजच्या फूटपट्टीने डडलीला का मोजता?’ आक्षेप रास्त आहे, पण पुरा नाही. स्त्रीची बुद्धी केवढी झेप घेऊ शकते हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला काळाची सबब चालेल. डडलीला ते ठाऊक होते. त्याचा पुरावा त्याच्याच घरात वाढला होता. लेकीत जे कौतुकाने पाहिले, तेच हचिन्सनबाईंत दिसताच त्याला राज्य धोक्यात आल्यासारखे वाटले. बाप आणि अधिकारी एकाच देहात राहत होते, पण त्यांची एकमेकांशी बोलाचाल नव्हती. माझ्या मते, डडलीच्या कारकिर्दीवरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच.

मित्रहो, हे दुखणे सतराव्या शतकाबरोबर संपले असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय? लेकीच्या बक्षिसांचे कपाट पाहुण्यांना हौसेने दाखवायचे आणि सभेत परक्याची लेक प्रश्न विचारू लागली की कपाळाला आठ्या घालायच्या, ही माणसे आपल्याला अनोळखी नाहीत.

डडली १६५३ साली वारला. त्याचा जावई सायमन गव्हर्नर झाला; धाकटा मुलगा जोसेफ हाही १७०२ साली त्याच पदावर आला. एका कुटुंबात तीन गव्हर्नर! तरीही आज साहित्याच्या वर्गात या घराण्याचे नाव निघते ते १६७२ साली निवर्तलेल्या अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटमुळे. साराचे शब्द मात्र कोणी टिपून ठेवले नाहीत; उरला आहे तो तिच्यावरचा ठपका. डडलीचे चरित्र जो कोणी लिहील, त्याने या दोन्ही लेकींना त्यात शेजारी बसवावे.