फळा आमचाही आहे!

एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी बाल भीमरावांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले आणि वर्गात एकच गलका झाला. फळ्यामागे सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे होते. भीमराव तिथे पोचण्याआधी डबे उचलायला मुले धावली. हा प्रसंग आमच्या वाचकांना पाठ आहे. पण त्यातली एक गोष्ट आपण विसरतो. त्या दिवशी बाबासाहेब फळ्याकडे निघाले होते ते गणित सोडवायला!

आज कोणी डबे उचलत नाही. आज फळाच विकत घ्यावा लागतो. कोटा असो वा लातूर, आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीचा खर्च लाखांत जातो. हा बाजार कोणाच्या मुलांसाठी भरला आहे, हे सांगायला ज्योतिषी नको.

जालना रस्त्यावरच्या शेंद्र्याकडे पाहा. पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे, स्कोडाचा कारखाना आहे, शेजारी दिल्ली-मुंबई कॉरिडॉरमधले ऑरिक उभे राहिले. शेंद्रा कमंगर, कुंभेफळ, करमाड या गावांतली आमची पोरे ठेकेदाराच्या हजेरीवर पाळ्या करतात. यंत्रापुढे उभा राहणारा हात आमचा आणि यंत्राचा आराखडा काढणारा हात दुसऱ्याचा, ही वाटणी कोणी केली? ती मोडायची असेल तर शेंद्र्यातल्या कामगाराच्या मुलीने जेईई अॅडव्हान्स्डचा पेपर सोडवला पाहिजे. राखीव जागा हा आमचा घटनादत्त हक्क आहे, ती कोणाची मेहेरबानी नव्हे. पण त्या जागेपर्यंतची वाट या पेपरातूनच जाते. तीन-तीन तासांचे दोन पेपर एकाच दिवशी होतात आणि संधी मिळते ती सलग दोनच वर्षे.

इथे पहिला अडसर मनातला आहे. ‘गणित हे जन्मजात बुद्धीचे काम, ते आपले नव्हे’ ही अफवा मनुवादाने पिढ्यान्‌पिढ्या पसरवली. ती धादांत खोटी आहे. गणित सोडवणे ही शिकवता येणारी, शिकता येणारी सवय आहे. हंगेरीत जन्मलेले गणिती जॉर्ज पोल्या यांनी १९४५ साली एका छोट्या पुस्तकात तिच्या चार पायऱ्या मांडल्या. प्रश्न नीट समजून घ्या, बेत आखा, बेत तडीस न्या आणि शेवटी मागे वळून उत्तर तपासा. त्याच १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, हा योगायोग आम्हाला बोलका वाटतो.

उदाहरणच घेऊ. दहा सारख्या वह्या तीन मुलांत किती प्रकारे वाटता येतील? एखाद्याला एकही न मिळाली तरी चालेल. घोकणारा मुलगा सूत्र आठवत बसतो आणि घाबरतो. शिकलेला मुलगा आधी प्रश्न लहान करतो. एक वही असेल तर ३ प्रकार, दोन असतील तर ६, तीन असतील तर १०. वाढ आधी तीनने झाली, मग चारने. पुढे पाच, सहा अशी वाढवत गेले की दहा वह्यांना ६६ येतात. पण अंदाज म्हणजे सिद्धता नव्हे. म्हणून तो विचारतो, असे का? वह्या एका ओळीत मांडा आणि त्यांत दोन पट्ट्या ठेवा. त्या पट्ट्यांनी तीन वाटे पडतात. एकूण जागा १२, त्यांतल्या दोन पट्ट्यांच्या. १२ गुणिले ११ भागिले २, म्हणजे ६६. आता हे सूत्र पाठ करावे लागत नाही, ते त्याचे स्वतःचे झाले.

दुसरी युक्ती समतोल शोधण्याची. शून्य ते नव्वद अंशांतले एक इंटिग्रेशन घ्या. वर साइन आहे आणि खाली साइन अधिक कोसाइन. ते अवघड दिसते. पण क्षच्या जागी नव्वद वजा क्ष घाला, की साइनचा कोसाइन होतो आणि किंमत तीच राहते. दोन्ही रूपे मिळवा. वरचे आणि खालचे सारखेच होऊन आत फक्त १ उरतो. दोघांची बेरीज पाय भागिले दोन, म्हणून एकाची किंमत पाय भागिले चार. पानभर आकडेमोड दोन ओळींत आटोपते.

तिसरी गोष्ट पेपरातल्या शिस्तीची. काही प्रश्नांत एकाहून अधिक पर्याय बरोबर असतात. अर्धवट बरोबर उत्तरालाही काही गुण मिळतात, पण एक चुकीचा पर्याय निवडला की गुण वजा होतात. म्हणून आधी सूचना वाचायच्या. हमखास येणारे प्रश्न पहिल्या फेरीत उरकायचे, अडलेला प्रश्न निमूट सोडून पुढे जायचे. सोडून देणे म्हणजे हरणे नव्हे, हे मुलांना कोणी तरी सांगितले पाहिजे. आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवायची. कुठे आणि का चुकले, ते तिच्यात लिहायचे.

दुसरा अडसर भाषेचा आहे. जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते. अॅडव्हान्स्ड मात्र आजही इंग्रजी आणि हिंदीतच होते. पहिली पायरी मराठीत आणि दुसरीवर दार बंद, हा कुठला न्याय? मराठी अस्मितेचे ढोल वाजवणाऱ्यांना आमचा हा सवाल आहे.

तिसरा अडसर पैशाचा. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाने हा पेपर सर केला. त्याला धनबादच्या आयआयटीत जागाही मिळाली. पण १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती जागा गेली. अखेर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १४२ वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. मजुराचे पोर गणितात हरले नव्हते, हे या प्रकरणाने देशाला दाखवले. पण प्रत्येकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाता येईल काय?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. शेंद्र्यातल्या कंपन्यांनी त्यातून इथल्या कामगारांच्या मुलांसाठी गणिताचे मोफत वर्ग काढावेत. बार्टीने पुस्तके आणि सराव पेपर गावापर्यंत पोचवावेत. पण सरकारची वाट पाहत बसणे हा आमचा स्वभाव नाही. प्रत्येक विहारात एक फळा लावा. शिकून नोकरीला लागलेल्या आमच्या इंजिनियरांनी रविवारचे दोन तास तिथे द्यावेत. जयंतीच्या डीजेवर जाणाऱ्या वर्गणीतला वाटा प्रवेशशुल्काच्या निधीत टाका. शेंद्र्याला मांगीरबाबाच्या यात्रेत नवस फेडायला मोठी गर्दी होते; नवसाने गणित सुटत नाही, ते सरावाने सुटते.

बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंद राजाचे नाव मिळाले, परिसराला नागसेनवन. एक प्रश्न विचारणारा राजा, दुसरा उत्तर देणारा भिक्खू. प्रश्नाला न भिण्याची ही परंपरा आमची आहे. भीमराव फळ्याकडे निघाले तेव्हा डबे हलवावे लागले. आज शेंद्र्याची लेक फळ्याकडे निघाली आहे. तिच्या हातात खडू द्या!