हिच्या नावावर काय आहे?

मृत्युपत्र करायला येणारी जोडपी माझ्या ऑफिसात बहुतेक एकाच पद्धतीने बसतात. काका टेबलाजवळ, मांडीवर फुगलेली फाइल. काकू जरा मागे, भिंतीकडच्या खुर्चीत. फाइलीतून इंडेक्स टू निघतो, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट निघतं, मुदत ठेवींच्या पावत्या, कधी गावाकडचा सातबारा. काकांचं सांगून झालं की मी काकूंना विचारते, "आणि तुमचं?" उत्तर काकाच देतात. "हिचं काय असणार? चार दागिने. ते सुनेला नि लेकीला."

मग मी विचारत जाते आणि एकेक बाहेर येतं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. ठेवींवर पहिलं नाव काकूंचं, कारण कर वाचतो. शाळेतल्या नोकरीचा फंड आहे. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीमुळे वडिलोपार्जित शेतीत हिस्सा आहे; भाऊ दर दिवाळीला हक्कसोडपत्राचा विषय काढतो आणि काकू दर दिवाळीला फराळाचा. थोडक्यात, घरातली निम्मी मालमत्ता काकूंची आणि मृत्युपत्र मात्र एकट्या काकांचं.

हे मला खुपतं ते कलम 15 मुळे. हिंदू वारसा कायदा 1956 चा. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से मिळतात. (आईचाही हिस्सा असतो हे ऐकून अनेक जण चमकतात.) बाई मृत्युपत्राविना गेली तर नवरा आणि मुलं वारस. इथवर ठीक. पण नवरा आधी गेलेला आणि मूलबाळ नाही, अशी असेल तर तिच्या स्वकष्टाच्या पैशावर पहिला हक्क नवऱ्याच्या वारसांचा. म्हणजे सासूचा, नाहीतर सासऱ्यांचा, मग दीर-नणंदांचा, तेही नसले तर त्यांच्या मुलांचा. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्या मागे. माहेरून वारसाहक्काने आलेली मालमत्ता तेवढी, मुलं नसतील तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते; नवरा हयात असला तरी ती त्याला मिळत नाही. मात्र तीच जमीन वडिलांनी हयातीत बक्षीसपत्राने दिली असेल, तर तिला हा नियम लागत नाही. एका बाईच्या मालमत्तेला इतक्या वाटा आहेत, आणि त्यांतली एकही तिला विचारून ठरलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा एक निकाल मी अशिलांना हटकून सांगते. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत नवरा सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि उभा जन्म माहेरी काढून 1996 मध्ये मृत्युपत्र न करता वारली. बँकेतल्या आणि भविष्य निर्वाह निधीतल्या रकमेवर तिच्या आईने दावा केला. रक्कम मिळाली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. सहानुभूतीवर कायदा फिरत नाही, असं न्यायालय म्हणालं. कायद्याच्या अंगाने निकाल चूक म्हणता येत नाही; पण मला तो आजही पटत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये या कलमाला दिलेलं आव्हान पुन्हा न्यायालयापुढे आलं, तेव्हा वैधतेचा प्रश्न खुला ठेवून न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचं आवाहन केलं. संसद कधी जागी होईल ती होवो, हे एवढं आपल्या हातात आहे.

"पण नॉमिनी लावलाय की!" हे पुढचं वाक्य. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकींवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितलं. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांत नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद. विम्याचे नियम थोडे वेगळे आहेत, त्याबद्दल पुन्हा कधी.

मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलेलंही चालतं. मग वकील कशाला? माझं निम्मं काम लिहिण्याचं नसतंच. मुलगा आईला घेऊन येतो आणि मजकूर स्वतःच सांगू लागतो, तेव्हा मी त्याला खाली चहाला पाठवते. ज्याला जास्त मिळणार त्यानेच पुढाकार घेतला, तर न्यायालय त्या मृत्युपत्राकडे संशयाने पाहतं. शिवाय एकटीला विचारलं की आई वेगळंच बोलते. कुणी सांगतं, धाकट्या जावेने दुखण्यात केलं, तिला काही द्यायचंय. कुणी म्हणतं, घर मुलांचंच, पण यांना तहहयात त्यातून कुणी हलवू नये. हे कागदावर नीट उतरवायचं, गट नंबर आणि खाते क्रमांक तपासायचे आणि "याखेरीज जे काही निघेल ते अमुकला" हे कलम घालायचं. ते राहिलं तर विसरलेली एखादी ठेव पुन्हा कलम 15 च्या वाटेने जाते.

सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही तिच्यासमोर सह्या करायच्या. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा. पुढे न्यायालयात निदान एकाला तरी उभं राहावं लागू शकतं. हिंदूंच्या बाबतीत लाभार्थी साक्षीदार असला म्हणून मृत्युपत्र पडत नाही, तरी संशयाला जागा कशाला ठेवायची? वय झालेलं असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत लावा. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. आणि मन बदललं तर जिवंतपणी हवं तेव्हा नवं करता येतं. बक्षीसपत्रासारखं घर हातचं जात नाही.

काकूंचं मृत्युपत्र काकांच्या कागदातल्या एका परिच्छेदात उरकू नका, ते वेगळं करा. विधवा, मूलबाळ नसलेल्या, सासरशी संबंध तुटलेल्या बायकांनी तर यंदाच वकिलाची वेळ घ्यावी. ती स्वतः घ्यावी, आणि जमलं तर एकटीने यावं.