यजमान दरोडेखोर

दुष्टांच्या कथा केवळ आमच्याच पुराणांत आहेत असे नव्हे. ग्रीक पुराणांतील थिसिअस हा अथेन्सच्या एजिअस राजाचा पुत्र. परंतु तो वाढला ट्रॉयझेन येथे, आजोळी. वयात येताच तो पित्याच्या भेटीस निघाला, तेव्हा आईने व आजोबांनी त्यास जलमार्गाने जाण्याविषयी परोपरीने विनविले. कारण खुष्कीची वाट दरोडेखोरांनी व्यापिली होती. थिसिअसाने मुद्दाम तीच वाट धरिली.

एपिडॉरसपाशी पेरिफेटीस गदेने पांथस्थांस ठार करी. कॉरिंथच्या संयोगभूमीवर सिनिस पाइन वृक्ष वाकवून त्यांच्या साहाय्याने माणसे मारी. मेगाऱ्याजवळील कड्यावर स्किरॉन वाटसरूंकडून पाय धुववून घेई आणि ते खाली वाकले, की लाथेने समुद्रात लोटी. एल्युसिसचा केर्किऑन कुस्तीस भाग पाडून प्राण घेई. थिसिअसाने पहिल्याची गदा हिरावून घेतली व इतरांस त्यांच्याच रीतीने यमसदनास पाठविले.

शेवटी भेटला प्रॉक्रुस्टीस. हा वाटसरूस घरी नेऊन निजावयास पलंग देई. पाहुणा उंच असला, तर बाहेर आलेले पाय तोडी. ठेंगणा असला, तर ठोकून ताणी. अपोलोडोरसच्या नावे चालणाऱ्या ग्रंथात तर पलंग दोन आहेत: उंचास आखूड, ठेंगण्यास लांब! म्हणजे मापास उतरण्याची सोयच नाही. थिसिअसाने त्यासही त्याच्याच पलंगावर निजविले.

ही कथा ऐकून आमच्या नातवाने विचारिले, "आजोबा, या पाचांत सर्वांत दुष्ट कोण?" आम्ही म्हणालो, "शेवटचा." इतर चौघे उघड वैरी होते, हा यजमान होता. ग्रीकांचा देवाधिदेव झ्यूस हाच अतिथींचा रक्षक. त्याच्या धर्माची याने विटंबना केली.

उत्तर दिले खरे, पण त्या रात्री झोप लागेना. आम्ही तेहतीस वर्षे संस्कृत शिकविले. एका मुलास धातुरूपे काही केल्या येत नसत. वहीच्या समासात मात्र तो सुरेख झाडे काढी. आम्ही त्याच्या हितासाठीच म्हणून ती वही फाडिली व त्यास दिवसभर बाकावर उभे केले. पुढे तो शाळेत येईनासा झाला. आम्ही चौकशीही केली नाही. कारण आमच्या मापाने तो आखूडच होता.

वाचकहो, मुलांस आपण प्रेमानेच घरात निजवितो. पलंग कोणाच्या मापाचा आहे, एवढे वेळीच पाहावे, ही विनंती.