नाटकाआधींचें पान

नाट्यप्रयोग कोणत्या वेळीं करावा व कोणत्या वेळीं करूं नये, याचा विचार भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत केला आहे. मध्यान्हीं, मध्यरात्रीं, संध्यासमयीं आणि भोजनाच्या वेळीं प्रयोग करूं नये, असा त्यांचा दंडक. यांपैकीं मध्यरात्रीचा निषेध आमच्या झाडीपट्टीनें केव्हांच गुंडाळून ठेविला! भाऊबीजेपासून गांवोगांवीं मंडई भरूं लागली, कीं रात्रीं नऊ-दहा वाजतां पडदा वर जावयाचा आणि नाटक पहांटेपर्यंत चालावयाचें, ही भंडारा-गोंदियापासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंतची रीत आहे. वडशाच्या नाटकमंडळ्या हंगामभर गांवें पालथीं घालतात. याच रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां या जागरणाची दखल दिल्लीनेंहि घेतली.

भोजनकाळाचा निषेध मात्र आमच्याकडे कसोशीनें पाळला जातो. जेवल्यावांचून कोणी नाटकाला जात नाहीं. मंडईच्या दिवशीं लेकी, जांवई, नातवंडें, व्याही, सगळे जमतात. पहिली पंगत मुलांची, दुसरी पुरुषांची व पाहुण्यांची, तिसरी बायकांची. ती उठून, खरकटें काढून, ओटा पुसून घरच्या सुना मंडपांत पोंचतात, तों नांदी होऊन बराच वेळ लोटलेला असतो. "आतांपर्यंत काय झालें हो?" हेंच त्यांच्या वांट्याचें पहिलें वाक्य!

शूद्रकाच्या मृच्छकटिकाची प्रस्तावना वाचकांस आठवत असेल. गाण्याचा सराव करून भुकेनें व्याकुळ झालेला सूत्रधार घरीं येतो, तों घरांत मोठ्या स्वयंपाकाची धांदल. विचारतां कळतें, कीं नटीनें व्रत धरिलें आहे. हा प्रवेश आम्हीं पुष्कळ वर्षें वर्गांत शिकविला. सूत्रधाराच्या फजितीला मुलें दरवेळीं खळखळून हंसत. या सगळ्या खटाटोपांत नटी स्वतः उपाशी आहे, याकडे एका मुलीनें एकदां लक्ष वेधिलें, आणि वर्ग क्षणभर गप्प झाला.

यंदा दिवाळीच्या सुमारास तुमसरांत आमच्या मोहल्ल्यांत एक नवें शाकाहारी भोजनालय निघालें. मंडईच्या रात्रीं सर्वांनीं तेथें जेवून परस्पर नाटकाला जावें, अशी सूचना धाकट्या सूनबाईंनीं केली. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांस घरांत सर्व आक्का म्हणतात, त्या म्हणाल्या, "घरांत तीन सुना असतां पाहुण्यांचें पान बाहेर मांडायचें? लोक काय म्हणतील?" सूनबाई हळूच म्हणाल्या, "आत्याबाई, लोक तर तेव्हां मंडपांत असतील. घरीं राहतों त्या आपणच." यावर आक्काही हंसल्या.

बेत साधाच होता. भात, वरण, भरलें वांगें, पाटवडीचा रस्सा, कढी आणि तव्यावरची पोळी. तांदुळाच्या बाजारपेठेंत राहणाऱ्यांस भाताची पारख सांगावी लागत नाहीं. भात उत्तम होता. घरच्या स्त्रिया मात्र प्रथम अवघडून बसल्या. थोरल्या सूनबाई तर संवयीनें वाढण्यास उठल्या. वाढणारा मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही बसा, मी वाढतों." आमच्या सौभाग्यवतींनीं पहिला घांस घेतला आणि म्हणाल्या, "गरम पोळी अशी लागते होय!" पन्नास वर्षें घराला गरम पोळी घालणाऱ्या बाईच्या तोंडचे हे शब्द आहेत. आम्हांस त्यापुढें कांहीं सुचलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं तुमच्या सुना सुटल्या, पण आंत पोळ्या लाटणाऱ्या बायकांचें काय? शंका रास्त आहे, म्हणूनच आम्हीं मालकांस ती विचारली. मंडईच्या रात्रीं आपण आठ वाजतां चूल विझवितों, कारण आमची माणसेंहि नाटकवेडीं आहेत, असें त्यांनीं सांगितलें. असा बेत करणाऱ्या प्रत्येकानें ही चौकशी अवश्य करावी. आपल्या घरचा भार उचलून दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवण्यांत पुरुषार्थ नाहीं.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टीहि सांगतों. मंडईच्या दिवशीं गर्दी फार, तेव्हां माणसें किती हें मालकांस आदल्या दिवशींच कळवावें व सातच्या आंत पानावर बसावें. रात्रभर बसावयाचें आहे, म्हणून दहींभात व गोडधोड बेतानें घ्यावें. नाहींतर दुसऱ्या अंकांतच मान डुलूं लागते. कार्तिकांतली थंडी पहांटे झोंबते, म्हणून शाल बरोबर असूं द्यावी. ज्या वडील माणसांस बाहेरचें चालत नाहीं, त्यांचा आग्रह मोडूं नये. आक्कांचा वरणभात आम्हीं घरींच करून ठेविला होता आणि त्या जेवून आमच्याआधीं तयार होत्या. पण एका पानासाठीं तिघींची रात्र अडकवूं नये.

रोज बाहेर जेवावें, असें आम्ही म्हणत नाहीं. घरच्या पंगतीचा मान मोठाच आहे, आणि पाहुण्यांस तो मिळालाच पाहिजे. परंतु घरचें जेवण पाहुण्यांस दुसऱ्या दिवशीं सावकाश घालतां येतें. नाटकाचा पहिला अंक दुसऱ्या दिवशीं कोणी दाखवीत नाहीं.