तथाकथित दुष्ट

खाऱ्या पाण्यातले मासे घरी पाळणाऱ्यांच्या बोलण्यात एक नाव हमखास रागाने उच्चारले जाते : डॅमसेल. नाव नाजूक युवतीचे, कीर्ती मात्र कजागाची. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके मिरवणारा, अंगठ्याच्या नखाएवढा 'डोमिनो' दुकानातून आणावा आणि वर्षभरात त्याने साऱ्या टाकीवर सत्ता गाजवावी. नव्या माशांचे पर कुरतडावेत, काच पुसायला घातलेल्या हातावरही धावून जावे. मग 'दुष्ट', 'गुंड' ही विशेषणे सुरू होतात. आमची तक्रार या विशेषणांविषयी आहे. शब्द हाच आमचा विषय असल्याने ती करण्याचा थोडा अधिकार आम्ही गृहीत धरतो.

हा मासा टाकीत येतो कसा, ते आधी पाहावे. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाढून अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट होऊ लागायला साधारणतः चार ते सहा आठवडे जातात. या विषारी दिवसांत तग धरील असा चिवट आणि स्वस्त मासा म्हणून वर्षानुवर्षे डॅमसेलच सोडण्याचा प्रघात होता. तो अजून पुरता गेलेला नाही. कल्ले जाळणाऱ्या पाण्यात त्याने दिवस काढायचे, खडकातली एखादी कपार आपलीशी करायची, आणि पाणी राहण्याजोगे झाले की आपण महागाचे, शोभेचे मासे तिथे आणून सोडायचे. त्याने त्यांचे स्वागत करावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

कोनराड लोरेन्झ यांचा १९६३ साली प्रसिद्ध झालेला जर्मन ग्रंथ प्रवाळातल्या माशांपासूनच सुरू होतो. मोकळ्या समुद्रात हरलेला मासा हद्दीबाहेर निघून जातो आणि जिंकणारा त्याचा फार पाठलाग करीत नाही. टाकीत पळायला जागाच नसल्याने तीच झटापट पुष्कळदा मरणापर्यंत जाते, असे लोरेन्झ नोंदवतात. त्यांचे सिद्धान्त, विशेषतः त्यांनी माणसाला लावलेले, आम्हांला पटत नाहीत. हे निरीक्षण मात्र कोणत्याही टाकीसमोर बसून पडताळता येते. त्या ग्रंथाच्या मूळ शीर्षकाचा अर्थ 'तथाकथित दुष्ट' असा काहीसा होतो. १९६६ साली इंग्रजीत तो 'ऑन अ‍ॅग्रेशन' झाला आणि 'तथाकथित'मधली तिरकस शंका गळून पडली. अनुवादाचा तास घेणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य वापरावे.

ही शंका जागी ठेवली तर पाळण्याची रीतही बदलते. पाणी तयार करण्यासाठी जिवंत मासा मुळीच लागत नाही. अमोनिया मोजून बाहेरून घालता येतो. हद्द राखणारा मासा सर्वांत शेवटी सोडावा. तो आधीच असेल, तर नवा मासा आणण्यापूर्वी खडकांची मांडणी बदलावी : जुन्या खुणा पुसल्या की काही काळ सगळेच परके होतात. एकमेकांच्या नजरेआड जाता येईल अशा कपारीही हव्यात. आणि एवढे करूनही भागले नाही, तर त्याला पकडण्यासाठी एकेक खडक बाहेर काढावा लागतो, हेही ठाऊक असू द्यावे. डोमिनो बारा-चौदा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. टाकी लहान असेल तर त्याला दुकानातून आणूच नये. आणलाच असेल, तर ती टाकी त्याच्या एकट्याची समजावी.